आग ओसी विचारून लागत नाही

२०२५ च्या नोव्हेंबरमध्ये हाँगकाँगला वांग फुक कोर्ट या वसाहतीला आग लागली, तेव्हा ते व्हिडिओ आपल्या सगळ्यांच्या मोबाइलवर फिरले. तीसहून जास्त मजल्यांच्या इमारती, बाहेरची बांबूची परांची पेटलेली, एका इमारतीवरून दुसरीवर चाललेली आग. आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडल्याचे इमोजी टाकले. खाली एकाने लिहिलं, "नशीब, आपल्या दिव्यात असले टॉवर नाहीत."

त्या एका वाक्यासाठी ही पोस्ट लिहितोय. लांब आहे. लोकलमध्ये बसायला जागा मिळाली असेल तर आत्ता वाचा, नाहीतर सेव्ह करून रात्री घरी वाचा. पण वाचा.

पहिली गोष्ट, "आपल्याकडे टॉवर नाहीत" हे खरं नाही. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे १५ मीटर किंवा त्याहून उंच इमारत म्हणजे हायराइज. एक मजला साधारण तीन मीटरचा धरा. तळमजला आणि वर चार मजले झाले की १५ मीटर भरले. आता दिवा पूर्वेला स्टेशनबाहेर उभे राहून वर बघा. साबे, दातिवली, आगासन रोड, मुंब्रादेवी कॉलनी, कुठेही जा. तळ अधिक पाच, सहा, सात. आपण दिवेकर हायराइजमध्येच राहतो. फरक एवढाच की आपल्या बहुतेक हायराइजना लिफ्ट नाही, दुसरा जिना नाही, मोकळी जागा नाही, आणि शेजारच्या बिल्डिंगची ग्रिल हात लांब केला तर हाताला लागते.

मी गेली १३ वर्षं दिवा पूर्वेला राहतो. नोकरी लोअर परळच्या एका ऑफिस टॉवरमध्ये, मेंटेनन्स खात्यात. पंपरूम, जनरेटर, फायर पॅनेल हे माझं रोजचं काम. तिथे आगीसाठी वेगळी टाकी आहे आणि तिला दुसऱ्या कशासाठीही हात लावायचा नाही. पाइपात कायम प्रेशर असतं. ते जरा कमी झालं की जॉकी पंप आपोआप सुरू होतो. मोठी आग लागली तर मेन पंप, आणि लाईट गेली तर डिझेल पंप. प्रत्येक मजल्यावर हायड्रंट, होज रील, छताला स्प्रिंकलर आणि स्मोक डिटेक्टर. दोन जिने, दोघांनाही आपोआप बंद होणारे जाड दरवाजे. ड्रिलच्या दिवशी सगळ्या साहेब लोकांना आम्ही शिट्टी वाजवून खाली उतरवतो. ते वैतागतात, कॉफीचा कप हातात घेऊन उतरतात, पण उतरतात.

आणि ही सगळी व्यवस्था त्या माणसांसाठी आहे, जी तिथे दिवसाचे नऊ-दहा तास असतात आणि जागी असतात. रात्री ती बिल्डिंग रिकामी. मी मात्र रात्री जिथे बायको-पोरं आणि आईला घेऊन झोपतो, तिथे यातलं काही नाही. हे मी रोज बघतो, म्हणून मला त्या "नशीब" शब्दाचा राग आला.

आता थोडं कामाचं बोलतो, कारण आगीबद्दल आपल्या डोक्यात सिनेमातली आग असते. खरं म्हणजे घराच्या आगीत माणसं ज्वाळांपेक्षा धुराने जास्त जातात. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. झोपेतला माणूस खोकत उठेलच असं नाही, तो उठतच नाही. शिवाय गादी, सोफा, प्लास्टिकच्या खुर्च्या, वायरचं कोटिंग हे सगळं जळताना जो काळा धूर सोडतं, त्यात चार-सहा श्वासांतच माणूस गोंधळतो. आणि गरम धूर वर जातो. त्याला वर जायला सगळ्यात सोपी वाट कुठली? जिना. म्हणजे ज्या वाटेने तुम्ही खाली उतरणार, त्याच वाटेने धूर वर येणार. एकच जिना असलेल्या बिल्डिंगमध्ये जिना हेच धुराडं होतं. दुसरी वाट म्हणजे डक्ट, जिथून पाइप आणि वायरी वर जातात. तिथून धूर थेट तुमच्या बाथरूमच्या खिडकीत.

गोरेगाव आठवा. ६ ऑक्टोबर २०२३, पहाटे तीनच्या सुमारास, गोरेगाव पश्चिमेची जय भवानी ही एसआरएची इमारत. आग लागली तळाला, पार्किंगमध्ये. दुचाकी, चारचाकी आणि तिथे साठवलेली जुन्या कपड्यांची गाठोडी पेटली. कोणाच्या घरात आग लागली नव्हती. तरी सात माणसांचे जीव गेले आणि कितीतरी जण हॉस्पिटलमध्ये गेले. ती काही साठ मजली इमारत नव्हती. उंचीने, माणसांनी, जिन्याने ती आपल्या दिव्यातल्या इमारतींची सख्खी बहीण होती.

वाशी आठवा. २०२५ च्या ऐन दिवाळीत, २० आणि २१ ऑक्टोबरच्या मधल्या रात्री, सेक्टर १४ मधल्या रहेजा रेसिडेन्सीच्या दहाव्या मजल्यावर आग लागली आणि बाराव्यापर्यंत गेली. चार जण गेले, त्यात सहा वर्षांची मुलगी. त्याच दिवशी कामोठ्यात दुसऱ्या एका सोसायटीत आई आणि मुलगी गेल्या. आपल्या जवळ यायचं तर मुंब्र्याला कौशात २८ एप्रिल २०२१ च्या पहाटे एका खासगी हॉस्पिटलला आग लागली आणि तिथले चार रुग्ण दगावले. कल्याणला आधारवाडी भागात नोव्हेंबर २०२४ मध्ये एका टॉवरच्या पंधराव्या मजल्यावर आग लागली. म्हणजे हे सगळं आपल्याच लाईनवर घडतंय.

आणि हाँगकाँग. त्या वसाहतीतल्या आठपैकी सात इमारती पेटल्या आणि दीडशेहून जास्त माणसं गेली. तिथे बाहेरून दुरुस्ती चालू होती. परांचीवरची जाळी आणि खिडक्यांवर लावलेले फोमचे तुकडे आगीला वर चढायला मिळाले. फायर अलार्म वाजलेच नाहीत, असं वाचलेले लोक सांगत होते. लंडनला १४ जून २०१७ च्या रात्री ग्रेनफेल टॉवर पेटला, ७२ माणसं गेली, कारण इमारतीला बाहेरून लावलेलं आवरणच जळणारं होतं. त्या टॉवरच्या रहिवाशांनी आगीच्या धोक्याबद्दल आधी लिहून ठेवलं होतं. ऐकलं कोणी नाही.

आपण दरवर्षी मे महिन्यात काय करतो? गच्चीवर, गॅलरीवर, खिडक्यांवर निळी ताडपत्री आणि प्लास्टिकची शीट बांधतो. पाऊस गेला तरी अर्ध्या बिल्डिंगवर ती तशीच असते. वरच्या मजल्यावरून दिवाळीचा रॉकेट कुठे जातो ते कोणी बघत नाही. हाँगकाँग लांब आहे, पण ती ताडपत्री आपल्या खिडकीलाच बांधलेली आहे.

आता आमच्या बिल्डिंगचं सांगतो. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट, मे महिना, रात्रीचे साडेअकरा. तळ अधिक सहा, २८ फ्लॅट. मीटरची पेटी जिन्याखाली. वायरिंग झालं तेव्हा घरटी दोन ट्यूब, पंखा, टीव्ही, फ्रिज असा हिशोब असणार. त्या रात्री २८ पैकी निदान १२ घरांत एसी चालू होता. आधी लाईट कमी-जास्त झाली, मग फट्कन आवाज, आणि मीटरच्या पेटीतून धूर यायला लागला. तो दोन मिनिटांत तिसऱ्या मजल्यावर, माझ्या दाराशी.

माझं काम मला माहीत होतं. दार बंद केलं, खाली ओला टॉवेल लावला, आईला आणि मुलांना गॅलरीत नेलं आणि ओरडून वरच्यांना सांगायला लागलो, "खाली येऊ नका, दारं लावा!" पण धूर दिसला की माणूस पळतो, त्याला दोष देता येत नाही. काही जण खाली धावले आणि दुसऱ्या मजल्यावर अडकले, कारण तिथे जिन्याच्या वळणावर दोन सायकली, चपलांचं कपाट आणि कोणाचा तरी जुना पलंग. काही जण वर गच्चीकडे धावले. गच्चीला कुलूप. मोबाइल चोर, गर्दुल्ले येतात म्हणून लावलेलं. चावी ज्यांच्याकडे, ते काका मुलीच्या लग्नासाठी गावी गेलेले. वर सहाव्या मजल्याच्या बाहेर १४-१५ माणसं, मागून धूर येतोय, पुढे कुलूप. शेवटी दोन पोरांनी एका घरातला वरवंटा आणून कडी तोडली. पाचव्या मजल्यावरच्या आजींना चालता येत नाही. त्यांना त्यांच्या सुनेने आणि समोरच्या वहिनींनी खुर्चीसकट वर नेलं.

अग्निशमनची गाडी आली. ती वेळेत निघाली होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण गल्लीच्या तोंडाशी रिक्षा लावलेल्या आणि एक पाण्याचा टँकर उभा. गाडी तिथेच थांबली. जवान सिलिंडर खांद्यावर घेऊन पळत आले. वीज कंपनीच्या माणसाने खांबावरून लाईन तोडली आणि जवानांनी पेटी विझवली. कोणी गेलं नाही. आजी दोन दिवस ऑक्सिजनवर होत्या. सगळे म्हणाले, देवाची कृपा.

मला विचाराल तर कृपा झाली ती त्या वरवंट्याची.

त्या रविवारी मीटिंग झाली. मी म्हटलं, आपण अर्ज करू, कोणीतरी अधिकृत माणूस येऊन बिल्डिंग बघू दे, काय काय करायला पाहिजे ते लिहून देऊ दे. सगळे गप्प. मग एक दादा, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, शांतपणे म्हणाले, "अरे बाबा, गप बस ना. आपल्याला ओसी नाय. ते आग बघायला येतील आणि नोटीस चिकटवून जातील. लाईट-पाणी कापलं तर पोरांना घेऊन कुठे जाऊ?"

हे दादा भित्रे नाहीत. जूनमध्ये कमरेइतक्या पाण्यात उतरून त्यांनी गल्लीतली गटारं उघडलेली मी बघितलीत. त्यांची भीती खरी आहे. जून २०२५ मध्ये आपल्या शेजारी शीळला १७ अनधिकृत इमारती पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाने दिला, ते आपण बघितलंय. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींचं प्रकरण बघितलंय. तिथे खोट्या परवानग्या दाखवून रेराची नोंदणी मिळवली होती. लोकांनी रेरा नंबर बघून, बँकेचं कर्ज काढून घरं घेतली होती, आणि पाडायचा आदेश आला तो त्यांच्या डोक्यावर. बिल्डर केव्हाच पुढच्या प्लॉटवर.

तरी मी एका सरकारी कार्यालयात गेलो. नाव लिहीत नाही, माणूस वाईट नव्हता. बिल्डिंगचं नाव सांगितलं. त्यांनी कॉम्प्युटरवर बघितलं आणि म्हणाले, "तुमच्या बिल्डिंगची फाइलच नाही. जिचा नकाशा मंजूर नाही तिला फायरची एनओसी कशी, आणि जिला एनओसी नाही तिची तपासणी कसली करणार?"

मी बाहेर आलो आणि टपरीवर चहा घेत विचार करत बसलो. आमच्या बिल्डिंगची फाइल नाही, पण घरपट्टीचं बिल दरवर्षी येतं. त्यात फ्लॅट नंबर बरोबर असतो, नावाचं स्पेलिंगसुद्धा बरोबर असतं. विजेचं मीटर आहे. मतदार यादीत बिल्डिंगचं नाव आहे, निवडणुकीत सगळे उमेदवार सहा मजले चढून आले. म्हणजे कर घ्यायचा तेव्हा बिल्डिंग आहे, मत घ्यायचं तेव्हा आहे. फक्त आग लागू नये म्हणून बघायचं तेव्हा ती नाही.

मला या पोस्टमध्ये सांगायचं आहे ते हेच. घर अधिकृत आहे की अनधिकृत हा एक प्रश्न. त्यात झोपलेली माणसं आगीतून वाचतील की नाही हा दुसरा. हे दोन प्रश्न आपल्याकडे एकमेकांत अडकवून ठेवलेत, आणि त्या गुंत्यात सगळ्यात धोक्याच्या इमारतीच तपासणीच्या बाहेर राहिल्यात. ज्या टॉवरला सगळ्या परवानग्या आहेत तिथे निदान कागद तरी फिरतो. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा आहे. त्याप्रमाणे लायसन्स असलेल्या एजन्सीकडून यंत्रणा तपासून घेऊन वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, बी फॉर्म द्यावा लागतो. तो कागद कधी नुसता सही-शिक्क्याचा असेल, पण मागायची सोय तरी आहे. आणि हाच कायदा जबाबदारी कोणावर टाकतो? बिल्डरवर, मालकावर आणि जो तिथे राहतो त्याच्यावरही. ओसी असलेल्यांनाच जीव आहे असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही.

यावर प्रशासनाचं म्हणणं मला माहीत आहे, आणि ते अगदीच चुकीचं नाही. ते म्हणतात, आम्ही अनधिकृत बिल्डिंग तपासून कागद दिला की उद्या तोच कागद कोर्टात फिरवतील, "बघा, सरकारनेच मान्यता दिली." घरपट्टीच्या बाबतीत हाच प्रश्न आला होता. तिथे उत्तर सापडलं. अनधिकृत बांधकामावर कर लावला म्हणजे ते नियमित झालं असं होत नाही, हे सगळ्यांना मान्य आहे, वर शास्तीही लावतात. मग तेच वाक्य आगीच्या तपासणीच्या कागदावर छापता येत नाही का? "या तपासणीमुळे इमारत अधिकृत ठरत नाही." खाली लिहा, जिना मोकळा करा, मीटर पेटी बदला, गच्चीचं कुलूप काढा, पंधरा दिवसांत परत बघायला येऊ. कोर्टाने उद्या ती इमारत पाडायला सांगितली तर पाडा. पण पाडायच्या दिवसापर्यंत तिच्यात माणसं जिवंत राहिली पाहिजेत ना!

शीळ फाट्याची लकी कंपाउंडची इमारत आपण विसरलेलो नाही. ४ एप्रिल २०१३. अनधिकृत, बांधकाम चालू असलेली, आणि तरीही माणसं राहत असलेली. ७४ जीव गेले. त्यानंतर आपण सगळे पिलर, स्लॅब, गळती बघायला शिकलो. घर घेताना सासरेबुवा भिंतीवर टिचकी मारून बघतात. पण गच्चीचं दार उघडतं का, मीटर कुठे आहेत, गाडी गल्लीत वळते का, हे कोणी विचारत नाही. दिव्याचं डम्पिंग जळायचं तेव्हा त्या धुरासाठी आपण रस्त्यावर उतरलो, बरोबर केलं. जिन्यातला धूर मात्र कोणाच्याच निवेदनात नाही.

आता कामाचं. आमच्या बिल्डिंगने शेवटी काय केलं ते सांगतो, कारण नोटिशीची वाट न बघता करता येण्यासारखं बरंच आहे. प्रत्येक फ्लॅटने ६०० रुपये काढले. २८ फ्लॅटचे १६,८०० झाले. त्यात ड्राय पावडरचे चार फायर एक्स्टिंग्विशर आले, जिन्यात बॅटरीवर चालणारे चार दिवे आले, आणि गच्चीच्या दाराला कुलपाऐवजी आतून उघडणारी कडी आली. चोराची भीती होती, म्हणून कडी फक्त आतल्या बाजूने. जिन्यातलं सामान काढायला पैसे लागले नाहीत, भांडणं लागली. तीन महिने चालली ती भांडणं. चपलांचं कपाट गेलं, सायकली खाली गेल्या, पलंग भंगारात गेला. मीटर पेटीचं काम अजून अर्धवट आहे, त्यासाठी पैसे जास्त लागतात आणि वीज कंपनीच्या चकरा चालू आहेत.

तुमच्या घरासाठी थोडक्यात लिहितो.

खिडकीला बॉक्स ग्रिल असेल तर तिचा एक भाग उघडता आला पाहिजे. कुलूप लावलं असेल तर चावी तिथेच खिळ्याला, आणि ती घरातल्या मुलांनाही माहीत पाहिजे. पूर्ण बंद ग्रिल म्हणजे आगीत पिंजरा.

एसी आणि गिझर एक्स्टेंशन बोर्डवर चालवू नका. त्यांना वेगळी वायर आणि वेगळा एमसीबी लागतो. एमसीबी सारखा पडतोय म्हणून मोठा टाकून घेऊ नका. तो पडतो तेव्हा तो आपलं काम करतोय.

ई-स्कूटरची बॅटरी जिन्यात किंवा दाराच्या तोंडाशी चार्ज करू नका, आणि रात्री सगळे झोपल्यावर तर नाहीच. लिथियमची बॅटरी पेटली की विझवणं अवघड, आणि ती पेटते ते नेमकं तुमच्या बाहेर पडायच्या वाटेवर.

गॅसचा वास आला तर बटणाला हात लावू नका, चालू करायला नाही आणि बंद करायलाही नाही. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, आणि १९०६ ला फोन. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. मोरीत, कपाटाखाली.

मीटर किंवा वायर पेटली तर पाणी मारू नका. आधी लाईन बंद, मग पावडर.

आणि जिन्यात धूर भरला असेल तर त्यात शिरू नका. दार लावा, फटींना ओले कपडे, खिडकीत या, मोबाइलचा टॉर्च दाखवा. १०१ लावा. पत्ता सांगताना "दिवा पूर्व" एवढं पुरत नाही. कुठल्या रस्त्याने यायचं, कुठल्या देवळापाशी किंवा शाळेपाशी वळायचं ते सांगा. खाली असलेल्या दोघांनी गल्लीच्या तोंडाशी जाऊन रिक्षा हलवायच्या आणि गाडीला वाट दाखवायची. गणपतीत अर्धा दिवा कोकणात असतो. जाताना मेन स्विच बंद करा आणि चावी शेजाऱ्याकडे ठेवून जा.

अजून एक. तुमच्या बिल्डिंगमध्ये चालता न येणारी माणसं किती, कुठल्या मजल्यावर, याची यादी करून ठेवा. आमच्याकडे चार निघाली. प्रत्येकासाठी दोन शेजारी ठरलेत.

पण हे सगळं करूनही एक गोष्ट आपल्या हातात नाही, आणि ती मागायलाच हवी. मुंबईच्या अग्निशमन दलाकडे ९० मीटरपर्यंत जाणारी शिडी आहे. उद्या ती दिव्याला आणली तरी आपल्या गल्लीत ती वळणार नाही, उभी करायला पक्की मोकळी जागा मिळणार नाही. रेल्वे फाटकावरच्या पुलाचं काम किती वर्षं रखडलं ते तुम्हाला सांगायला नको. त्यामुळे आपल्याला मोठ्या शिडीची घोषणा नको. आपल्याला अरुंद गल्लीत शिरणाऱ्या छोट्या गाड्या पाहिजेत. ठरावीक अंतरावर जमिनीखाली आगीसाठी राखीव पाण्याच्या टाक्या पाहिजेत, कारण ज्या दिव्यात प्यायला टँकर मागवावा लागतो तिथे बिल्डिंगच्या टाकीत रात्री पाणी असेलच असं नाही. गल्लीच्या तोंडाशी पिवळे पट्टे आणि तिथे पार्किंग बंद पाहिजे. आणि दिवा प्रभाग समितीने वॉर्डवार, ओसी न विचारता, प्रत्येक इमारतीचा जिना, मीटर पेटी आणि गच्चीचं दार तपासलं पाहिजे. याला वर्षं लागत नाहीत. एक टॉर्च, एक वही आणि चालणारी माणसं लागतात.

निवडणूक झाली, नगरसेवक आले, त्यांचे अभिनंदनाचे फ्लेक्सही लागले. त्यांना पहिलं निवेदन याचं द्यायचं आहे. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टायकिन जहाजाचा स्फोट झाला, त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या आठवणीत देशभर १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. माझी मागणी अशी की त्या आठवड्याचं एक प्रात्यक्षिक आपल्या गल्लीत करा. गाडी खरंच आत आणून दाखवा. कुठे अडते ते सगळ्यांना दिसू दे, नगरसेवकांना, साहेबांना आणि रिक्षा लावणाऱ्यांनाही.

जे दिवा-शीळ-डोंबिवली पट्ट्यातल्या नव्या टॉवरमध्ये राहायला गेलेत त्यांनी खुशाल समजू नये की हे आपल्यासाठी नाही. तुमच्या सोसायटीचा शेवटचा बी फॉर्म कधीचा आहे ते सेक्रेटरींना विचारा आणि नोटीस बोर्डावर लावायला सांगा. फायर पंप ऑटोवर आहे की मॅन्युअलवर, एवढं बघायला वॉचमनबरोबर पंपरूममध्ये जा. लाईट बिल वाचवायला पंप बंद करून ठेवलेल्या सोसायट्या मी डोळ्यांनी बघितल्यात.

कोणी म्हणेल, अनधिकृत इमारतीत राहता आणि वर मागण्या करता? तर भाऊ, हो, करतो. परळ-लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीतून लोक दिव्याला आले, कारण पगारात हेच बसत होतं. ज्याने बांधलं त्याने पैसे घेतले, ज्याने बांधू दिलं तो बदली होऊन गेला. राहणारा मात्र इथेच आहे, आणि तो रात्री झोपतो.

तेव्हा आज रात्री जेवण झाल्यावर एक काम करा. मोबाइलचा टॉर्च घ्या, मुलांना बरोबर घ्या आणि आपल्या बिल्डिंगच्या गच्चीपर्यंत चढून जा. वाटेत काय काय आडवं येतं ते मोजा. वर गेल्यावर दार उघडतं का बघा. उघडलं नाही तर चावी कोणाकडे आहे आणि तो माणूस रात्री कुठे झोपतो ते विचारा. मग खाली कमेंटमध्ये फक्त भाग आणि मजले लिहा, आणि "उघडलं" किंवा "कुलूप". बिल्डिंगचं नाव लिहू नका, कोणाला नोटीस लागायला नको. १०० कमेंट झाल्या की मी ती यादी घेऊन प्रभाग समितीत जाणार आहे. ज्यांना बरोबर यायचं त्यांनी इनबॉक्स करा. शनिवारी सुट्टी असते माझी.